वेलीला विचारलं होतं

अक्काची ईश्वरीची वेल मी मारली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ती वेल कोणी मारली ते आपल्याला ठाऊक आहे, असं अक्का धरून चालते. गल्लीतले दोनचार जणही तसंच धरून चालतात. ते चूक आहे. सहा वर्षं मी ते चूकच राहू दिलं.

अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो, आणि मला तिनंच वाढवलं. तिचे यजमान लग्नानंतर चार वर्षांत वारले, माझं लग्न जमता जमता राहून गेलं, आणि चेन्नईत ताम्बरमजवळ सेलैयूरला वडिलांनी बांधलेल्या घरात आम्ही दोघंच उरलो. आम्ही तंजावरकडचे. घरातलं मराठी जुनं, तमिळ हेलाचं. घराबाहेर तमिळ. अक्का सरकारी कचेरीत टायपिस्ट होती. निवृत्त झाल्यावर तिनं मागच्या अंगणातले क्रोटन काढले, बोगनवेल मुळासकट काढली, आणि भिंतीला माझ्याकडून तारा ओढून घेतल्या.

"आता इथं इथल्याच वेली," म्हणाली. "जिचा कुणाला घास नाही, ती वेल मला नको."

तिची निवड पाहून शेजारपाजार हसायचा. उतरण ही रस्त्याकडेची, चीक गळणारी, केसाळ फळांची वेल. लोक ती उपटून टाकतात, हिनं रेल्वेच्या कुंपणावरून आणून लावली, कारण पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची फुलपाखरं तिच्यावर अंडी घालतात. अनंतमुळाला कोपरा दिला. कपाळफोडीला विहिरीची कड दिली. जुई होती. कळलावी पावसाच्या सुमाराला जमिनीतून आपली आपण वर यायची आणि तिची फुलं उघडली की मध पिणारे शिंजीर पक्षी हजर. पण या सगळ्यांत अक्काचा जीव होता तो ईश्वरीवर.

ईश्वरी दिसायला काही नाही. फूल बोटाच्या पेराएवढं, हिरवट, तोंडाशी जांभळी जीभ. फळ पिकलं की खालून उकलतं आणि उलट्या छत्रीसारखं लोंबतं. पण लाल अंगाची काळी फुलपाखरं असतात ना, पंखावर पांढरा पट्टा असलेली, त्यांच्या अळ्या फक्त याच जातीच्या वेलीवर जगतात. दुसरं काही खात नाहीत. अक्का त्या अळ्या रोज सकाळी भिंग घेऊन मोजायची आणि मला डबा भरून देता देता आकडा सांगायची. मी ओरगडमच्या बसमध्ये चढायचो ते तो आकडा डोक्यात घेऊन.

ओरगडमला ट्रकांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तपासनीस होतो. भाग मापात बसला तर पास, नाही बसला तर त्याला लाल चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीची गाठ ठरलेली: दोन फेरे, एक फास, शेपूट आत खोचलेलं. सुटत नाही आणि काचतही नाही. अक्काच्या वेली तारांना बांधायचं काम माझ्याकडे, आणि हात आपोआप तीच गाठ मारायचे.

"माझ्या अस्के वेलींना रिजेक्ट करून ठेवलायस की रे," अक्का म्हणायची. अस्के म्हणजे सगळ्या.

भिंतीपलीकडे वैद्यरम्मा राहायच्या. त्यांचे यजमान गावठी औषधांचे वैद्य, म्हणून त्यांना सगळी गल्ली वैद्यरम्मा म्हणे. यजमान गेले तरी नाव राहिलं. अक्काची आणि त्यांची चाळीस वर्षांची मैत्री. संध्याकाळी चारच्या सुमाराला अक्का जुईच्या कळ्या खुडून स्टीलच्या डब्यातून भिंतीवरून द्यायची. वैद्यरम्मा केळीच्या सोपट्याच्या दोऱ्यात त्या ओवायच्या आणि अर्धी माळ परत पाठवायच्या. डबा रिकामा कधी येत नसे. कपाळफोडीचा पाला इकडून गेला की दुसऱ्या दिवशी त्याच पाल्याचे डोसे तिकडून यायचे.

वैद्यांना मी लहानपणापासून पाहत आलो होतो. औषधासाठी मूळ काढायचं झालं की ते आदल्या संध्याकाळी त्या झाडाला आमंत्रण द्यायचे. बुंध्याशी पाणी, हळदकुंकू, देठाला हळदीत भिजवलेला दोरा. मग हात जोडून सांगायचे, उद्या तुला न्यायला येतो, रागावू नकोस, ज्याच्यासाठी नेतो त्याला गुण दे. दुसऱ्या दिवशी सूर्य वर यायच्या आत खणायचं, मुळाला लोखंड लावायचं नाही. न विचारता नेलेलं मूळ शापतं, असं ते मानायचे. इतकं विचारून विचारूनही त्यांनी स्वतःच्या अंगणातली ईश्वरी खणून खणून संपवली होती. त्यावरून अक्का वैद्यरम्मांना चिडवायची, "तुमच्या यजमानांना झाडं नाही म्हणत नसत, म्हणून बरं." वैद्यरम्माही कमी नव्हत्या. "एक तुकडा मूळ दे गं, मला विंचू चावला तर लागेल," असं भिंतीवर हनुवटी टेकून मागायच्या. अक्का म्हणायची, "आधी विंचू दाखवा."

हे सगळं एवढं सविस्तर सांगतोय कारण पुढं जे झालं ते याच्यातूनच झालं.

आमच्या विभागाला नवा साहेब आला तो पुण्याचा. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. शोळिंगनल्लूरला बायकोच्या ऑफिसजवळ राहायचा आणि रोज इतक्या लांब गाडी हाकत यायचा. मी मराठी आहे हे कळल्यावर तो खुर्चीतून उठलाच. मी दोन वाक्यं बोललो आणि तो हसत सुटला.

"अहो, हे मराठी आहे की मोडी? असं वाटतं, आत्ता तुम्ही कमरेची तलवार काढाल!"

तेव्हापासून मी त्याच्या तोंडी 'तंजावरचे सरदार' झालो. "काय सरदार, आज किती मुंडकी उडवली?" म्हणजे किती माल नापास केला. बाकीचे तमिळ सहकारी न समजता हसायचे. मला त्याचा राग यायला हवा होता. उलट मी त्याच्यासारखं बोलायला शिकलो. घरी अक्कासमोर 'सांगिटलं' च्या जागी 'सांगितलं' म्हणायला लागलो. ती एकदा म्हणाली, "कुणाचं बोलणं घालून आलायस हे?" अंगातला सदरा बघावा तसं तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. हे जे मराठी तुम्ही वाचताय, ते मी त्या माणसापासून शिकलो आहे.

त्या वर्षी कारखान्यात एक यादी होणार असं बोललं जात होतं. कुणाला घरी बसवणार, कुणाला दुसरीकडे टाकणार. पन्नाशीच्या आसपासचे आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत जेवायचो. त्याच दिवसांत साहेबाची आई पुण्याहून आली. तिच्या पायांवर कसलंसं जुनं दुखणं होतं, आणि कुणीतरी तिला सांगितलं होतं, ईश्वरीचं मूळ उगाळून लावा, पण बाजारातलं नको, घरच्या वेलीचं हवं.

"सरदार, तुमच्या बहिणीकडे आहे ना ती वेल? तुम्हीच फोटो दाखवला होतात."

दाखवला होता. अक्काच्या वेलीचा, अळ्यांचा, सगळाच.

"आहे साहेब. पण ती देणार नाही."

"अहो, बोटभर तर मूळ. आई दोन वेळा म्हणाली." मग फाईल बंद करत, माझ्याकडे न बघता, "यादीची काळजी करू नका हं तुम्ही. मी आहे ना."

त्यानं या दोन गोष्टी जोडल्या नाहीत. त्या मी जोडल्या.

अक्का चार दिवस तंजावरला गेली, चुलतबहिणीच्या नातवाच्या मुंजीला. जाताना बसमध्ये चढता चढता म्हणाली, "अळ्या सात आहेत. एक उद्यापरवा कोशात जाईल, तिच्याजवळची फांदी हलवू नको." 

शनिवारी संध्याकाळी मी वेलीला आमंत्रण दिलं. वैद्यांना पाहिलं होतं तसंच सगळं केलं. पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं, हळदीचा दोरा बांधला. हात जोडून म्हणालो, उद्या न्यायला येतो. आता आठवलं की अंगावर काटा येतो तो याचाच, की ते म्हणताना मला बरं वाटलं होतं. आपण चोरी करत नाही, रीतीनं मागून घेतोय, असं खरोखर वाटलं होतं. वेलीला विचारलं. अक्काच्या हातात फोन होता, तिला विचारलं नाही.

रविवारी सकाळी वैद्यरम्मा देवळात गेल्यावर खणायला घेतलं. एकच फाटा घ्यायचा, मुख्य मुळाला हात लावायचा नाही, असं ठरवलं होतं. लाकडाच्या खुंटीनं माती हलेना. पहार घेतली. मूळ भिंतीच्या पायाखाली गेलेलं होतं, मी दगड सरकवला, ओढलं, आणि ते माझ्या अपेक्षेपेक्षा खूप सहज माझ्या हातात आलं. बोटभर नाही, मनगटाएवढं जाड, हातभर लांब. कापरासारखा कडवट वास सगळ्या अंगणात पसरला. आठ वर्षांची वेल होती. मी माती परत लोटली, वरून पाणी ओतलं, पायानं दाबली.

सोमवारी सकाळी पानं लोंबली होती. मंगळवारी ती कागदासारखी वाजायला लागली. सहा अळ्या देठांवरून वर-खाली फिरत होत्या. मी त्या उचलून उतरणीवर ठेवल्या. त्यांनी तोंड लावलं नाही. अनंतमुळावर ठेवल्या, जुईवरसुद्धा ठेवल्या. भिंतीवरून त्या परत जुन्या वेलीकडे चालायला लागायच्या, वाळलेल्या देठावर चढायच्या आणि टोकाला जाऊन डोकं हलवत थांबायच्या. एक कोशात गेली होती तेवढी वाचली. कामावर निघताना मी त्या मोजत होतो. रोजची सवय.

अक्का बुधवारी दुपारी आली. मी मुद्दाम कामावर गेलो होतो. संध्याकाळी बसमधून उतरून घरी पोचलो तेव्हा ती मागच्या अंगणात उभी होती, आणि तिच्या हातात हळदीचा दोरा होता. मी मूळ काढून झाल्यावर हळदकुंकू धुतलं होतं, माती सारखी केली होती. दोरा देठाला तसाच राहिला होता.

"हिनं नेलं," अक्का म्हणाली. एवढंच. भिंतीकडे बोट केलं.

त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं. मी विचारलं, "चहा घेतलास?"

तिनं भिंतीशी जाऊन हाक मारली. वैद्यरम्मा आल्या, हातात रिकामा डबा, जुईच्या कळ्यांसाठी आलेल्या. पुढचं सगळं तमिळमध्ये झालं. 

"मागितलंत तेव्हा हसून नाही म्हटलं, म्हणून मी नसताना?" अक्का म्हणाली.

"काय गं? काय झालं?"

"माझी वेल मेली. बघा. सगळी मेली. निदान एक फाटा ठेवायचा होता! यजमानांनी तुमची संपवली, तुम्ही माझी संपवलीत."

वैद्यरम्मांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी वाळलेली वेल पाहिली, आणि त्यांचा चेहरा असा झाला की घरचं कुणी गेल्याचं कळावं. "मी नाही गं घेतलं," त्या म्हणाल्या. "मी घेतलं असतं तर तुझ्यासमोर घेतलं असतं, तू ओरडली असतीस तरी."

"मग हा दोरा कुणाच्या घरचा? या गल्लीत झाडाला दोरा कोण बांधतं?" अक्कानं तो भिंतीवरून त्यांच्या डब्यात टाकला.

वैद्यरम्मांनी दोरा उचलला. कुणाचा म्हणून नव्हे, त्यांची सवय म्हणून त्या गाठ चाचपायला लागल्या. माळा ओवणारे हात. दोन फेरे, एक फास, शेपूट आत खोचलेलं. मग त्यांनी भिंतीच्या तारांकडे पाहिलं. तिथं उतरण, जुई, कपाळफोडी, सगळ्या वेली त्याच गाठीनं बांधलेल्या. आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. मी मान हलवली नाही, हात हलवला नाही. बोला, सांगून टाका, असं मनात म्हणत होतो आणि त्या बोलू नयेत म्हणून देवाचा धावाही करत होतो.

त्यांनी दोरा मुठीत मिटला. "कुणी बांधला मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "तुला माझ्यावर शंका आली ना? मग राहू दे."

आणि डबा घेऊन आत गेल्या.

त्या दिवसानंतर त्या दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. जुई फुलून भिंतीखाली पडायची. पहिले काही दिवस अक्का चार वाजता उठून मागच्या दारापर्यंत जायची, मग आठवून परत यायची. एकदा मला म्हणाली, "चाळीस वर्षं मी हिच्या हातची माळ देवाला घातली रे. मला माणूस ओळखता येईना बरीक." मी पेपर वाचत होतो. तिच्याकडे न बघता पान उलटलं.

माझी काय गोष्ट? दोन महिन्यांनी यादी लागली. माझं नाव तीत होतं. तपासणीतून काढून मला गोदामात टाकलं, भागांची खोकी मोजायला. साहेबाकडे गेलो तर तो म्हणाला, "सरदार, वरून आलं हो, माझ्या हातात काही नव्हतं." त्याला फोन आला, तो खिडकीकडे गेला. त्याचा खण अर्धा उघडा होता. आत चार्जर, औषधांच्या पट्ट्या, आणि मी ज्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं होतं ते तसंच पुडकं. पुडक्याचा दोराही सोडलेला नव्हता. मी ते उचललं. पांढरी बुरशी चढली होती.

"अरे हो, ते राहूनच गेलं बघा," फोन खाली ठेवत तो म्हणाला. "आई आठवड्यातच परत गेली. इथला उकाडा सोसेना तिला. टाकून द्या आता."

मी मूळ डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलं. कुठं टाकावं ते कळेना. शेवटी बसथांब्याजवळच्या कचऱ्याच्या पेटीत टाकलं. त्या माणसानं मला फसवलं असं मी बरीच वर्षं मनात घोळवत राहिलो. त्यात खरं आहे तेवढं आहे. पण त्याचा राग धरून ठेवण्यात मला एक सोय होती, तो राग असेपर्यंत दुसरीकडे बघावं लागत नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात मी अक्काला नवी वेल आणून दिली. समुद्राकडच्या रस्त्यावरच्या रोपवाटिकेत गेलो होतो. ईश्वरी आहे का विचारलं तर तिथला माणूस म्हणाला, "तीच जात, सार, याचं फूल मोठं, बघा." खरंच मोठं होतं, तळव्याएवढं, जांभळ्या नक्षीचं. पान मात्र बदामाच्या आकाराचं, रुंद. मला फरक दिसत होता. मापात न बसणारा भाग ओळखण्यात माझी उमर गेली आहे. तरी मी तो पास केला.

अक्कानं पान हातात घेतलं. "हे वेगळं दिसतंय."

"सुधारित आहे," मी म्हणालो. "खात्रीच्या ठिकाणाहून आणलंय."

"तू आणलास म्हणजे बघायला नको," ती म्हणाली, आणि तिनं ती वेल त्याच जागी लावली.

वेल झपाट्यानं वाढली. फुलपाखरंही आली. लाल अंगाची ती काळी मादी पानांभोवती घिरट्या घालत राहिली आणि तिनं अंडी घातली. अक्का किती दिवसांनी हसली! पुन्हा भिंग निघालं, पुन्हा सकाळी आकडा. नऊ. अकरा. मग एका सकाळी तिनं आकडा सांगितला नाही. अळ्या अंड्यातून निघाल्या होत्या, पान कुरतडलं होतं, आणि तिथंच आखडून पडल्या होत्या. आणखी अंडी, आणखी अळ्या, सगळ्यांचं तेच. आईला वास ओळखीचा वाटत होता, म्हणून ती येत होती. पिल्लांना ते पान विष होतं. आमच्या अंगणात तरी एकही जगली नाही.

पहिल्यांदा अक्काला वाटलं, वैद्यरम्मा भिंतीवरून काही फवारतात. तिनं ते गल्लीत दोघातिघांना बोलूनही दाखवलं. मी तेही थांबवलं नाही. मग तिनं वाचनालयातून एक पुस्तक आणलं, पान ताडून पाहिलं, आणि दुपारच्या उन्हात बसून ती परदेशी वेल स्वतःच्या हातानं उपटून काढली. मी तिथं गेलो तेव्हा तिचे हात मातीनं काळे झाले होते.

"फूल दाखवायला लावतात ही वेल लोक," ती म्हणाली. "त्या बिचारीनं आपलीच समजून पोरं ठेवली हिच्यावर." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू आणलास म्हणून मी बघितलं नाही. माझीच चूक."

मला ते वाक्य अजून जसंच्या तसं ऐकू येतं. माझीच चूक.

दोन वर्षांपूर्वी वैद्यरम्मांनी घर विकलं. गुडघे चालेनात, मुलगा कोइमतूरला घेऊन जाणार होता. जायच्या आधी एका सकाळी, अक्का बँकेत गेलेली असताना, त्यांनी भिंतीशी मला हाक मारली.

"तंबी, इकडे ये." मला त्या लहानपणापासून तंबी म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. त्यांनी वर्तमानपत्राची एक पुडी माझ्या हातात ठेवली. "ईश्वरीचं बी आहे. यजमानांच्या गावाहून मागवलं, तिरुवण्णामलैकडून. खरी आहे, मी पान बघून घेतलंय. हिला दे. माझं नाव सांगू नकोस, नाहीतर लावायची नाही."

मी पुडी धरून उभा राहिलो. "अम्मा, मला तुम्हाला एक सांगायचं आहे," म्हणालो.

"मला कशाला?" त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "मला माहीत आहे. जिला माहीत नाही तिला सांग."

"त्या दिवशी तुम्ही का बोलला नाहीत?"

"मी बोलले असते तर तिचं घरात कोण राहिलं असतं? शेजारीण दुसरी मिळते." मग थोडं थांबून, "मला वाटलं होतं तू आठवड्याभरात सांगशील. तेवढा मोठा झालायस, असं वाटलं होतं."

पदराला हात पुसत त्या वळल्या. टेम्पोवाला बाहेर भोंगा वाजवत होता. त्यांच्या मागच्या अंगणात मला ओळखीच्या वेली दिसल्या, बहुतेक आमच्याकडूनच बी उडून गेलेल्या. त्यांनी त्या तोडल्या नव्हत्या.

बी मी पेरलं. कुठून आणलंस, असं अक्कानं विचारलं. मी म्हणालो, "तिरुवण्णामलैचा एक ओळखीचा आहे." यात गावाचं नाव तेवढं खरं होतं. यावेळी तिनं पान भिंगाखाली धरलं, पुस्तकाशी ताडलं, मग मान हलवली. आता त्या वेलीनं भिंत धरली आहे. मागच्या महिन्यात फळं उकलली, उलट्या छत्र्या तारेला लोंबताहेत. फुलपाखरं आली आहेत. आज सकाळी अळ्या बारा होत्या. गल्लीत कुणी कौतुक केलं की अक्का सांगते, "माझ्या भावानं आणली. त्याला माहीत होतं मला काय हवंय." आणि पुढे, हमखास, "ती पलीकडची तर मुळासकट खाऊन गेली होती."

मी अजून तारांना वेली बांधतो. गाठ बदलायचा प्रयत्न केला. हात ऐकत नाहीत.

आणखी एक कबूल करतो. अक्काला देवनागरी वाचता येत नाही. आमच्या पिढीतल्या पुष्कळांना येत नाही, मराठी फक्त तोंडी. मी ती मोठेपणी शिकलो. हे सगळं मी तमिळमध्येही लिहू शकलो असतो, आणि ते तिनं चष्मा लावून तासाभरात वाचलं असतं. म्हणून तमिळमध्ये लिहिलं नाही.

वैद्यरम्मांचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. त्यांची तब्येत आता बरी नसते, असं गल्लीतून कळतं. अक्कासमोर बसून, आमच्या घरच्या मराठीत, मूळ मी खणलं आणि बी त्यांनी दिलं हे मी सांगायला हवं, आणि ते सांगून झाल्यावर तोच नंबर लावून फोन तिच्या हातात द्यायला हवा. एवढं मी दोघींचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.